हिरडा, नरक्या आणि खेळातली जादूची बाटली

कॉम्प्युटरवरच्या फॅन्टसी खेळांत चाळीसेक वर्षं एक उद्योग बिनबोभाट चालू आहे. रानातून पाला, मुळी, बुरशी गोळा करायची, उकळायची आणि बाटलीत भरायची. १९८० च्या 'रोग' या खेळात बाटल्या नुसत्या सापडायच्या. रंगावरून ओळखाव्यात, तर दर डावाला रंग बदललेले. पिऊन बघायचं, वाचलात तर शहाणे. १९८७ च्या 'नेटहॅक'मध्ये खेळाडूंनी शक्कल काढली. बाटली दुकानदाराला दाखवायची आणि तो काय भाव सांगतो त्यावरून आतल्या औषधाचा अंदाज बांधायचा. जुन्नरच्या बाजारात ही युक्ती कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

'डायब्लो'नं लाल बाटली म्हणजे जीव, निळी म्हणजे मंत्रशक्ती असं सोपं करून टाकलं आणि माझ्या मते सगळी गंमत घालवली. ती परत आली 'स्कायरिम'मध्ये (२०११). तिथे प्रत्येक जिनसाला चार गुण. पहिला चाखून कळतो, बाकीचे मिसळून बघितल्याशिवाय नाही. डोंगरातलं निळं फूल आणि गहू एकत्र केले की जखम भरून येते. 'माइनक्राफ्ट'चा कारभार शिस्तीचा. पाण्याच्या बाटलीत आधी नेदर वॉर्ट, मग मुख्य जिन्नस. असर लांबवायला रेडस्टोन, जोर वाढवायला ग्लोस्टोन. 'विचर ३'मध्ये (२०१५) औषध जास्त झालं की अंगात विष चढतं, हे वैद्यमंडळींना आवडावं. आणि २०१८ चा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' १४०३ सालच्या बोहेमियात घडतो. तिथे खलात कुटायचं, भाता मारून आच वाढवायची, वाळूच्या घड्याळावर उकळी मोजायची. पायऱ्या चुकल्या की काढा वाया. मला स्वतःला हाच खेळ सर्वांत प्रामाणिक वाटतो.

पण औषध बनवायच्या या खेळांत तोडणारा, कुटणारा आणि विकणारा एकच माणूस असतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात तसं नाही.

आंबेगावातली अहुपे, तेरुंगण, राजपूर, जुन्नरमधली घाटघर, अंजनावळे, हातवीज ही गावं घ्या. इथल्या महादेव कोळी कुटुंबांचं पोट भातावर चालतं, पण हातात रोख पैसा येतो तो बाळहिरड्यातून. बाळहिरडा म्हणजे हिरड्याचं आठळी धरण्याआधीचं कोवळं फळ. उन्हाळा लागला की गडी झाडावर चढून काठीनं फांद्या झोडपतो, खाली बाया-पोरं वेचतात. मग कातळावर नाहीतर अंगणात वाळवण. हिरवं फळ आधी तपकिरी होतं, मग काळं पडतं, सुरकुततं आणि आकसून बोटाच्या पेरापेक्षा लहान होतं. नीट वाळलेला हिरडा मुठीत खड्यासारखा वाजतो. ओल राहिली तर पोत्यात बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो. वळवाची सर आली की सगळं घर ताडपत्री घेऊन धावतं. बहुतेक खेळांनी हे वाळवणं गाळलंच आहे. तोडलं की पिशवीत, पिशवीतून थेट भांड्यात.

गुणांच्या बाबतीत मात्र हिरडा 'स्कायरिम'च्या कुठल्याही फुलाला हार जाणार नाही. बेहडा आणि आवळ्याबरोबर तो त्रिफळ्यात असतो. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात हरीतकीच्या, म्हणजे हिरड्याच्या, सात जाती सांगितल्या आहेत. शिवाय त्यात टॅनिन भरपूर, म्हणून कातडं कमावायला आणि कापड रंगवायलाही त्याला मागणी. वनस्पती ओळखायच्या तर गुराखी, तापस, व्याध आणि वनात राहणाऱ्यांना विचारा, असं सुश्रुतसंहिता सांगते. चरकही मेंढपाळ-गुराख्यांचा दाखला देतो. रान कुणाला कळतं याबद्दल शास्त्रकारांच्या मनात शंका नव्हती. त्या कळण्याचे पैसे कुणाला मिळावेत, याबद्दल त्यांनी काही म्हटलेलं मला आढळलं नाही.

भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट चमकते. 'स्कायरिम'मधली निर्नरूट नावाची वनस्पती अशीच चमकते, वर गुणगुणतेही. आपल्याकडची गप्प असते. गलका करतात ते तिला बघायला आलेले.

याच सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य अमेरिकेत वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं, आणि १९७२ मध्ये ते भारतीय रसायनशास्त्रज्ञांना नरक्यात सापडलं. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरवरची औषधं त्याच द्रव्यापासून पुढे बेतलेली. प्राण वाचवणारी बाटली म्हणतात ती हीच. पण खेळात तोडलेलं झुडूप काही दिवसांनी होतं तिथेच पुन्हा उगवतं, नरक्या इतक्या सहज परत येत नाही. त्याची चोरटी तोड महाराष्ट्रात बरीच झाली, आणि तोडणाऱ्याच्या हाती पडली ती मजुरी.

हिरड्यालाही असा एक फटका बसला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळलं आणि घाट चढून वर आलं. जुन्नर-आंबेगावात हिरड्याची जुनी झाडं मोडली, उन्मळली. भाताचं नुकसान एका हंगामाचं असतं. हिरड्याचं झाड लावलं तर फळ हाती यायला बरीच वर्षं लागतात. भरपाईसाठी किसान सभेनं वर्षानुवर्षं मोर्चे काढले.

खरेदीची सरकारी वाट म्हणजे आदिवासी विकास महामंडळ. ते बाजारात उतरलं की व्यापाऱ्यालाही भाव जपावा लागतो, नाही उतरलं तर तो म्हणेल तो दर. आदिवासी क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला देणारा पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. कागदावर फळ गावाचं झालं, पण पोतं घाटाखाली किंवा शहराकडे गेल्यावर त्याचं चूर्ण कुठे होतं, कुठल्या डबीत जातं, हे वेचणारीला दिसत नाही. २०१८ मध्ये आलेल्या वन धन योजनेचा रोख इथेच होता. गावातल्या गटानं माल स्वतः निवडावा, दळावा, पाकिटात भरावा. कल्पना चांगली आहे. अडचण पुढे येते. हिरड्याचं चूर्ण औषध म्हणून विकायचं तर १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो, त्यासाठी जागा, यंत्रं आणि जाणकार माणूस दाखवावा लागतो. 'स्कायरिम'मधल्या भट्टीपाशी यातलं काहीच कुणी विचारत नाही. घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयातून तेरुंगणच्या बचतगटाला हे सगळं जमवून देता आलं, तर निदान एका पोत्याचा पुढचा प्रवास त्या बायकांच्या डोळ्यांसमोर होईल.