चाळीस लाखांची गाडी आणि चाळीसगावचा टांगा

२०२५ च्या बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही थोरल्या बहिणीकडे जेवायला गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर भाच्याने एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका आमच्या हातात ठेवली. आत विजेवर चालणाऱ्या लांबट, ऐटबाज मोटारीचे फोटो होते. चिनी बीवायडी कंपनीची 'सील' नावाची ही सेडान गाडी. मार्च २०२४ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिची शोरूमची किंमत ४१ लाखांपासून ५३ लाखांपर्यंत होती.

"मामा, यातली सगळ्यात स्वस्त घ्यायची म्हणतोय. तुमचं मत काय?"

आम्ही आधी किमतीकडे आणि मग बहिणीच्या यजमानांकडे पाहिले. हा गृहस्थ महानगरपालिकेच्या सफाई खात्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेला. भाचा म्हणजे त्या घरातला पहिला इंजिनिअर. पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, कापून हातात १ लाख ४० हजार येतात. धाकटी बहीण बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, तिला सी.ए. व्हायचे आहे. चौघे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात.

"एवढी महागच का?" आम्ही विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली इथं राहून. तरी बाबा भाजी घेऊन आले की वॉचमन अजून विचारतो, 'कुणाकडे जायचंय?' मोठ्या गाडीवाल्यांना मात्र सलाम करून गेट उघडतो. बाबांना एकदा त्या गेटातून तसं आत आणायचंय."

यावर पटकन 'उधळपट्टी करू नकोस' म्हणणे सोपे होते. आम्हाला ते म्हणवले नाही.

वाहन आणि मान

आपल्या समाजाचे आणि वाहनाचे नाते साधे नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा आत्मकथनात बाबासाहेबांनी १९०१ सालची हकीकत लिहिली आहे. वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. त्यांची जात कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बरोबर पायी चालणार.

त्याच पुस्तकात १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग आहे. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सभासद होते. तरीही टांगेवाल्याने महाराला बसवून टांगा हाकायचे नाकारले. आपल्या पाहुण्याने पायी चालावे हे वस्तीतल्या लोकांना कसे रुचावे? त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले.

लोकांचा हेतू चांगला होता. पण पाहुण्याचा मान राखायच्या भरात पाहुण्याच्या जिवाचा विचार मागे राहिला, हे बाबासाहेबांनीच त्यात नोंदवले आहे. आम्ही ही हकीकत भाच्याला सांगितली आणि म्हटले, "मान हवाच. पण टांग्यात आई, बाबा आणि बहीण बसली आहेत. आपल्याला हाकता येतो का, ते आधी पाहू."

कागदावरचा हिशेब

मग वही काढली. भाचीने कॅल्क्युलेटर घेतला.

गाडी ४१ लाखांची. भाच्याची चार वर्षांची सगळी शिल्लक सहा लाख. ती भरून उरलेले ३५ लाख कर्जाने. व्याज ९ टक्के आणि मुदत सात वर्षे धरली तर महिन्याचा हप्ता ५६ हजार ३१२ रुपये. सात वर्षांत बँकेला एकूण ४७ लाख ३० हजार जातात, म्हणजे नुसते व्याजच १२ लाख ३० हजार. हप्ता, २६ हजार घरभाडे आणि विमा, वीज, देखभालीचे दहा हजार वजा केले की चार माणसांचे खाणेपिणे, औषधपाणी, शिक्षण आणि गावाकडची देणीघेणी यांना ४८ हजारांहूनही कमी उरतात. नोकरी कंपनीची, उद्याची खात्री कोणी दिलेली नाही.

"पण पेट्रोल वाचेल ना!" भाचा म्हणाला. वाचेल, जरूर वाचेल. अशी गाडी शंभर किलोमीटरला साधारण १५ युनिट वीज घेते. घरच्या विजेचा दर दहा रुपये धरला तर दीडशे रुपये झाले. लिटरला १५ किलोमीटर चालणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला, पेट्रोल १०४ रुपये धरून, त्याच अंतराला सातशेच्या आसपास लागतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरले तर साडेपाच हजारांच्या आत बचत. हप्ता मात्र ५६ हजारांचा. बचतीसाठी महाग गाडी घेणे म्हणजे दूध स्वस्त पडावे म्हणून गोठा बांधणे.

गाडीची किंमतही उतरत जाते. विम्याच्या प्रचलित कोष्टकाप्रमाणे चार वर्षे झाली की गाडीची किंमत निम्मी, म्हणजे साडेवीस लाख धरतात. तेव्हा आपल्या डोक्यावर १७ लाख ७० हजारांचे कर्ज शिल्लक असते.

विक्रेत्याने सांगितलेले आणि न सांगितलेले

विक्रेत्याने सांगितलेले काही खरे होते. विजेच्या गाड्यांवर जीएसटी ५ टक्केच आहे. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेण्याची घोषणा झाली. मात्र अशा सवलती बदलत असतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी त्या पुन्हा तपासून घ्याव्यात.

कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकर सवलत मिळते, असेही तो म्हणाला. ही ८०-ईईबी कलमाची सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. नव्या कर्जाला ती नाही.

चार्जिंगची गोष्ट त्याने काढलीच नाही. या गाडीची लहान बॅटरी सुमारे ६१ युनिटांची. सात किलोवॅटचा चार्जर बसवला तर ती भरायला नऊ तास लागतात, घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर वीस तास. भाड्याच्या घरात चार्जर बसवायचा तर घरमालकाची आणि सोसायटीची लेखी परवानगी हवी, मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत केबल हवी, चांगले अर्थिंग हवे. रोज बाहेरच्या वेगवान चार्जरवर जायचे तर युनिटला वीस रुपये किंवा त्याहून जास्त पडू शकतात, मग बचतही अर्धीमुर्धी. ज्यांची गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते अशा चाळीतल्या आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतल्या बांधवांनी हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा.

धम्म काय सांगतो?

धम्म गृहस्थाला दरिद्री राहायला सांगत नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, चौथा संकटासाठी राखून ठेवायचा. भाच्याच्या पगाराचा एक भाग ३५ हजारांचा होतो. गाडीच्या हप्त्यातच दीड भागाहून अधिक गेला. घरखर्च अजून बाकीच आहे. दीघजाणु सुत्तात 'समजीविता' सांगितली आहे. आय आणि व्यय तराजूत तोलून, फार उधळेपणा नाही आणि फार चिकटपणाही नाही, असे जगणे म्हणजे समजीविता. नोकरदाराचा 'उद्योग' म्हणजे शिक्षण, असे आम्ही मानतो. भाचीच्या सी.ए.चा खर्च त्या दोन भागांत बसतो.

सहा महिन्यांची परीक्षा

आम्ही 'घेऊ नकोस' म्हटले नाही. एवढेच सुचवले, "सहा महिने गाडी आली असं समज. दर महिन्याला ५६ हजार आवर्ती ठेवीत भर. घर न कुरकुरता चाललं तर खुशाल घे, आम्ही पेढे वाटू."

त्याने जूनपासून सुरुवात केली. दोन महिने भरले. तिसऱ्या महिन्यात वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आली, त्यातच भाचीच्या क्लासची फी. हप्ता चुकला. बँकेचे कर्ज असते तर दंड बसला असता, वर नोटीस आली असती. इथे कोणाला कळलेही नाही. तो स्वतःच फोनवर म्हणाला, "मामा, टांगा फरशीवर अडकला."

बहीण त्याला म्हणाली, "गाडीत बसायची मलाही हौस आहे रे. पण पोटात हप्त्याचा गोळा घेऊन नाही बसायचं."

पुढे त्याने घरमालकाकडून आणि सोसायटीकडून चार्जरची लेखी परवानगी मिळवली आणि विजेवरचीच एक लहान गाडी घेतली. चार लाख रोख, आठ लाख कर्ज, पाच वर्षे मुदत. हप्ता १६ हजार ६०७ रुपये. भाचीची फी वेळेवर गेली. पुढच्या अशोक विजयादशमीला चौघे त्याच गाडीने दीक्षाभूमीला जाणार आहेत. वाटेत चार्जिंगला दोन-तीनदा थांबावे लागेल. सातशे किलोमीटरच्या त्या वाटेवर ४१ लाखांच्या गाडीलाही थांबावेच लागले असते.

आणि वॉचमनचे काय? भाच्याने एक दिवस वडिलांना बरोबर घेऊन जाऊन सांगितले, "हे माझे बाबा. इथंच राहतात." तो ठेकेदाराकडे तुटपुंज्या पगारावर बारा तास उभा राहणारा माणूस, ओशाळला. आता दोघे म्हातारे गेटवर बसून चहा पितात.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांना चांगले पगार मिळत आहेत, ही बाबासाहेबांच्या कष्टांची फळे आहेत. त्यांनी गाड्या घ्याव्यात, चांगल्या घ्याव्यात. फक्त सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून वही उघडावी. लगाम आपल्या हाती आला आहे, तो नीट धरू या.

जय भीम!