पाठ टेकली, तिथून पुढे

आपल्या आखाड्यात पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र ती तिथून रंगात येते. खाली पडलेला खेळाडू दोन्ही पायांनी वरच्याला अडवतो, त्याची बाही नि कॉलर धरतो आणि संधी साधून त्याला उलथवतो, नाहीतर त्याची मान किंवा कोपर अडकवतो. या पवित्र्याला ‘गार्ड’ म्हणतात. अंगानं किरकोळ माणसालाही इथे आशा असते, ती यामुळेच.

विद्येचं मूळ जपानी. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान स्थापन करून ज्युदो घडवला. तिथे तयार झालेले मित्सुयो माएदा देशोदेशी कुस्त्या करत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे बेलेम शहरात स्थायिक झाले. कार्लोस ग्रेसी हा मुलगा त्यांच्याकडे शिकला. पुढे ग्रेसी बंधूंनी रिओ दी जानेरोत शिकवायला सुरुवात केली. १९५१ मध्ये माराकाना स्टेडियमवर कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ जपानच्या मासाहिको किमुराशी लढला. किमुरानं त्याचा हात पिरगाळून मोडला, तरी एलिओ हार मानेना. शेवटी कार्लोसनंच लढत थांबवली. तो डाव आज जगभर ‘किमुरा’ या नावानंच शिकवला जातो.

एलिओच्या जिद्दीच्या कथा आवडीनं सांगितल्या जातात, पण रोजचा सराव नेमका उलट, वेळीच हार मानण्याच्या शिकवणीवर चालतो. वर्ग सुरू होतो तो अंग गरम करण्यानं. पाठीवर पडून, एक पाय रोवून कंबर बाजूला सरकवत मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. दिसायला गमतीशीर, पण खालून सुटण्याचं सारं इंगित त्यात आहे. मग एखाद-दोन डावांचा सराव, आणि शेवटी ‘रोलिंग’, म्हणजे जोडीदार बदलत पाच-सहा मिनिटांच्या खऱ्या झटापटी.

समजा, तुमचा दंड जोडीदाराच्या मांड्यांत अडकलाय, मनगट त्याच्या छातीशी आहे आणि तो कंबर वर उचलतोय. कोपर ताणायला लागतं. दुखायच्या आधीच त्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं. हात मोकळा नसेल तर तोंडानं सांगायचं. हा ‘टॅप’. पकड त्याच क्षणी सुटते, दोघं हात मिळवतात, पुन्हा सुरुवात. ठोसे-लाथा नसल्यामुळे डोक्याला मार नाही, आणि टॅपमुळे सांधे शाबूत. म्हणून इथे जवळजवळ पूर्ण ताकदीनं झुंजता येतं, एका संध्याकाळी चारदा हरता येतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला अंग धड राहतं. प्रगतीचं गमक इतकंच.

ही प्रगती पट्ट्यांत मोजतात: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार काळ्या पट्ट्यासाठी वय किमान १९ हवं. प्रत्यक्षात नेमानं येणाऱ्यालाही दहा-एक वर्षं सहज लागतात. अनेक ठिकाणी लेखी-तोंडी परीक्षा नसते. रोज मॅटवर पाहणारा गुरूच ठरवतो. मधल्या काळात प्रगती दिसते ती बारीक गोष्टींत. पूर्वी अर्ध्या मिनिटात टॅप करणारा आता तीन मिनिटं तग धरतो, खाली दबलेला असतानाही श्वास सांभाळतो.

या संस्कृतीला काळी बाजूही आहे. अकादमी बदलणाऱ्याला ब्राझीलमध्ये ‘क्रेओंची’, म्हणजे गद्दार, म्हणून हिणवलं जाई. ग्रेसी घराण्याचा तोराही होता. त्या घराण्याबाहेरचे गुरू ओस्वाल्दो फाद्दा रिओच्या गरीब उपनगरांत शिकवत. पायाच्या डावांत त्यांचे शिष्य तरबेज होते. ग्रेसींच्या गोटात ते डाव हलके मानले जात, आणि १९५० च्या दशकात त्याच डावांनी फाद्दांच्या शिष्यांनी ग्रेसी अकादमीला हरवलं. आज पायाचे डाव वरच्या स्पर्धांत सर्रास दिसतात.

शिकायचं मनात असेल तर भिंतीवरची पदकं मोजत बसू नका. एक वर्ग बाजूला बसून पाहा. टॅप होताच पकड सुटते का, नवख्याशी खेळताना जुने जोर आवरतात का, मॅट रोज पुसली जाते का, एवढं बघा. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल नाव घाला. नखं मात्र कापून जा.