पियानोची खुंटी सैल का होते?

पियानोत साधारण 220 ते 230 तारा असतात आणि प्रत्येक तारेला एक पोलादी खुंटी. खुंटीवरचे आटे अगदी बारीक असतात. तिला धरून ठेवते ते पिनब्लॉकचे कठीण लाकूड, केवळ घर्षणाने.

मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात हे लाकूड फुगते. पोलाद हटत नाही, म्हणून भोकाच्या कडेचे तंतू चेपतात. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसते आणि पकड ढिली पडते. मधूनच चालू-बंद होणारा एसीही हेच करतो.

खूण सोपी. सूर लावून किल्ली काढली की खुंटी मागे फिरते. तीन तारांच्या स्वरातली एकच तार उतरते. सगळा पियानो सारखाच उतरला असेल, तर बहुधा साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) आक्रसलेला असतो. खुंट्या बिचाऱ्या निर्दोष.

खुंटी किंचित खोल ठोकणे हा जुना उपाय; मात्र तारेचे वेढे लोखंडी चौकटीला टेकता कामा नयेत. हल्ली पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद खुंटीच्या बुडाशी थेंबाथेंबाने सोडतात. अपराइट पियानो त्यासाठी पाठीवर आडवा करतात. वाफेने डोळे चुरचुरतात, खिडक्या उघड्या हव्यात. तेल कधीच घालू नये.

तरीही पकड आली नाही तर एक माप जाड खुंटी बसवतात. पिनब्लॉकलाच चीर गेली असेल, तर तो बदलावा लागतो आणि ते काम महागडे असते.