दहाच्या ठोक्याची आगगाडी

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून सकाळी दहाच्या ठोक्याला एडिंबरोकडे निघणारी आगगाडी १८६२ साली सुरू झाली, आणि त्याच घटकेस एडिंबरोहूनही तिची जोडगाडी लंडनकडे निघू लागली. सुमारे ३९३ मैलांचा हा प्रवास प्रारंभी साडेदहा तासांचा असे. गाडीत भोजनाची सोय नसल्यामुळे यॉर्क येथे उतारूंना जेवणासाठी अर्धा तास मुकर्रर केलेला होता.

पूर्व किनाऱ्याचा हा मार्ग चालविणाऱ्या कंपन्यांची पश्चिमेकडील मार्गाच्या कंपन्यांशी चुरस होती आणि १८८८ च्या उन्हाळ्यात ती इतकी विकोपास गेली की, ऑगस्टअखेर एडिंबरो साडेसात तासांच्या आत गाठले गेले. १८९५ साली अ‍ॅबरडीनपर्यंत अशीच शर्यत झाल्यावर मात्र उभय पक्षांनी तह केला, आणि दिवसाच्या गाड्यांनी एडिंबरोस सव्वाआठ तासांहून लवकर पोहोचू नये असे ठरविले.

वेगाची मुभा नाही, तर लौकिक मिळवावा कशाने? १९२४ साली या गाडीस ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे नाव अधिकृतपणे देणाऱ्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने तिला वाटेत कोठेही न थांबविता नेण्याचा बेत केला. परंतु आठ तास एकाच ड्रायव्हर-फायरमनने इंजिन हाकणे म्हणजे माणसाच्या शक्तीबाहेरचे काम. म्हणून मुख्य यंत्रअभियंता नायजेल ग्रेस्ली यांनी इंजिनामागील कोळशा-पाण्याच्या टेंडरमधूनच जेमतेम दीड फूट रुंदीची बोळ काढली, जिच्यातून पहिल्या डब्यात विश्रांती घेणारी दुसरी जोडी अर्ध्या वाटेवर, गाडी धावत असतानाच, इंजिनावर येई. पाणी तर रुळांच्या मधोमध बांधलेल्या लांब चरांतून, खाली सोडलेल्या पळीवाटे, धावताधावताच उचलले जाई. १ मे १९२८ रोजी, गाडीचेच नाव धारण करणाऱ्या ४४७२ क्रमांकाच्या इंजिनाने ती पहिली अखंड फेरी लंडनहून काढली. आत उतारूंसाठी केशकर्तनालयही होते.

तहाचे बंधन १९३२ साली सुटले आणि वेळ भराभर घटू लागली. आता विजेच्या गाड्या हे अंतर साडेचार तासांच्या आसपास तोडतात. तथापि, ताशी अठ्ठेचाळीस मैलांहूनही कमी सरासरीने धावून या गाडीने १९२८ साली जी कीर्ती संपादिली, तिचे श्रेय वेगाला नसून, वेगाची वाट बंद झाल्यावर अभियंत्यांनी लढविलेल्या युक्तीला आहे.