पोलीस भरतीसाठी धावताय? बुटांइतकीच स्पोर्ट्स ब्राही मापाची हवी

बाळकुम : ठाणे शहर पोलिसांच्या भरतीची मैदानी चाचणी साकेतच्या मैदानावर होते. हे मैदान बाळकुमपासून अगदी जवळ. भिवंडी, शहापूर, मुरबाडकडच्या मुलीही इथं नशीब आजमावायला येतात. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक अशी चाचणी द्यावी लागते. ५० पैकी २० गुण एकट्या ८०० मीटरचे. त्यामुळे सेकंद-सेकंद महत्त्वाचा.

बूट कुठले घ्यायचे, सकाळी काय खायचं, यावर सगळे सल्ला देतात. पण छाती भरलेली असलेल्या मुलीला धावताना जो त्रास होतो, त्यावर कोणी बोलत नाही. सर पुरुष असतात, आईला सांगायला लाज वाटते. मग मुलगी खांदे पुढे पाडून, हात छातीशी धरून धावते. काही जणी ओढणी करकचून बांधतात, काही एकावर एक दोन ब्रा घालतात. आणि काही जणी ‘मला नाही जमत’ म्हणून धावणंच सोडून देतात. ही शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट, कारण त्यात मुलीची काहीच चूक नसते.

स्तनात स्नायू नसतो. त्याला आधार असतो तो वरच्या कातडीचा आणि आतल्या बारीक तंतूंचा. धावताना स्तन नुसते वरखाली होत नाहीत, बाजूलाही हलतात आणि पुढे-मागेही. वजन जास्त असेल तर ओढही जास्त बसते. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर बरीच वर्षं अभ्यास चालू आहे. आधार कमी पडला की धावणारीची पावलं आखूड पडतात, असं तिथं दिसून आलं. म्हणजे प्रश्न नुसत्या दुखण्याचा नाही, वेळेचाही आहे. गंमत म्हणजे स्पोर्ट्स ब्रा ही वस्तूच तशी नवी. १९७७ साली अमेरिकेत तीन बायकांनी मिळून ती तयार केली, तीही पुरुष खेळाडूंचे दोन लंगोट एकत्र शिवून!

माप घरीच घ्या

शिवणकामाची टेप घ्या. पहिलं माप छातीच्या बरोबर खाली, बरगड्यांवर, टेप घट्ट धरून आणि श्वास सोडून. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावर, टेप सैल ठेवून. दोन्ही आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. या दोन मापांतला फरक जितका जास्त, तितकं कपचं अक्षर पुढचं.

इथंच बहुतेक जणी फसतात. खालचं माप ३० इंच आलं म्हणून ३० नंबर मागू नका. अनेक भारतीय कंपन्यांच्या तक्त्यात त्याच मापाला ३४ नंबर असतो. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, म्हणून आपली मापं त्या-त्या तक्त्याशी जुळवूनच नंबर ठरवायचा. खालचा पट्टा सैल आणि कप बरोबर, असं झालं तर नंबर एकाने कमी करा आणि कपचं अक्षर एकाने वाढवा. ३६ सी सैल होत असेल तर ३४ डी घालून बघा.

नुसतं एस, एम, एल लिहिलेली, डोक्यातून घालायची ब्रा छाती लहान असेल तर चालते. ती दोन्ही बाजू एकत्र दाबून धरते. छाती भरलेली असेल तर दोन वेगळे कप असलेली, मागे हूक असलेली, रुंद आणि कमी-जास्त करता येणाऱ्या पट्ट्यांची ब्रा बघा. पाकिटावर ‘हाय इम्पॅक्ट’ लिहिलेलं असतं, ती धावण्यासाठी.

दुकानात लाजू नका

खरा आधार खालच्या पट्ट्याचा असतो, खांद्यावरच्या पट्ट्यांचा नाही. खांद्यावर वळ उठत असतील तर समजा, खालचा पट्टा सैल आहे आणि सगळा भार खांद्यावर आला आहे. नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे. पुढे इलॅस्टिक सैल पडलं की आतले हूक लावता येतात. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, त्याहून जास्त नको. हात वर करा, पट्टा वर सरकतो का बघा. जागेवर दहा उड्या मारा. वरून किंवा काखेतून अंग बाहेर येत असेल तर कप लहान आहे. आणि हो, खोल श्वास घेता आला पाहिजे. श्वास अडकत असेल तर ८०० मीटर कसले धावणार?

आतले कपडे बरेच दुकानदार परत घेत नाहीत, ऑनलाइनही तीच अडचण. म्हणून पैसे द्यायच्या आधीच विचारा. दोन साध्या ब्रांच्या पैशात एक चांगली येत असेल तर ती एकच घ्या.

धुताना गार पाणी वापरा, पिळू नका, सावलीत वाळवा. उन्हात आणि पिळण्यानं इलॅस्टिक लवकर मरतं. घामानं छातीखाली पुरळ येत असेल तर धावून आल्यावर ओली ब्रा लगेच बदला. एकाच बाजूला सतत दुखत असेल किंवा गाठ लागत असेल तर मात्र ब्रा बदलून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा.

आणि चाचणीच्या दिवशी कोरी ब्रा घालून मैदानात उतरू नका. निदान पंधरा दिवस आधी घ्या, तीच घालून सराव करा. कुठं काचतंय ते तेव्हाच कळेल, तिथं धावण्याआधी थोडं व्हॅसलीन लावा.