वाटाड्याविना चालण्याची वाट

डोंगरात पायी हिंडावयाचे तर सोबत वाटाड्या हवा, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे, आणि ती गैर म्हणता येणार नाही. सह्याद्रीच्या पठारावर एका पायवाटेला दहा ढोरवाटा फुटतात, पावसाळ्यात धुके उतरले की चार हातांवरचा कडाही दिसत नाही, आणि वाट चुकलेल्या माणसाला गुराख्याखेरीज दुसरा आधार नसतो. तथापि युरोपातील काही देशांत पदभ्रमणाची एक निराळी पद्धत रूढ झाली आहे. एखादे कुटुंब किंवा दोघे-तिघे स्नेही पाठीवर पिशवी टाकून, हाती नकाशा घेऊन, आठ-पंधरा दिवस खोऱ्याखोऱ्यांतून चालत जातात. दररोज नव्या गावी मुक्काम करतात आणि सकाळी पुढची वाट धरतात. त्यांच्यासोबत कोणीही वाटाड्या नसतो.

मग त्यांना वाट कोण दाखवते? या प्रश्नाचे उत्तर साहसापेक्षा लोकप्रशासनाशी अधिक निगडित आहे. म्हणूनच ते आपल्या ग्रामपंचायती, शाळा आणि महसूल कार्यालये यांनी समजून घेण्यासारखे आहे. त्यासाठी इंग्लंडमधील ‘पेनाइन वे’ या पायवाटेचे उदाहरण घेऊ.

तीन राष्ट्रीय उद्यानांतून

पेनाइन ही उत्तर इंग्लंडच्या मधोमध दक्षिणोत्तर पसरलेली डोंगररांग आहे. तिची उंची फार नाही. वाटेवरील सर्वांत उंच शिखर क्रॉस फेल हे ८९३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ निम्मेच आहे. परंतु पश्चिमेच्या समुद्रावरून येणारे ढग या रांगेवर अडतात आणि वारा, पाऊस व धुके यांचा तेथे नित्य वावर असतो. क्रॉस फेलच्या उतारावरून वाहणारा ईशान्येचा सोसाट्याचा वारा इतका प्रसिद्ध आहे, की त्याला ‘हेल्म’ असे स्वतंत्र नावच पडले आहे.

पेनाइन वे ही पायवाट डर्बीशायर परगण्यातील ईडेल या खेड्यातून निघते आणि स्कॉटलंडच्या सीमेपलीकडील कर्क येथम या गावी संपते. तिची लांबी ४३१ किलोमीटर असून ती पूर्ण चालण्यास साधारणपणे अडीच ते तीन आठवडे लागतात. आरंभी पीक डिस्ट्रिक्ट, मध्ये यॉर्कशायर डेल्स आणि शेवटी नॉर्थम्बरलँड अशी तीन राष्ट्रीय उद्याने ती ओलांडते. ‘डेल’ म्हणजे खोरे. या खोऱ्यांत कोकणातील गडग्यांप्रमाणे चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती मैलोगणती पसरलेल्या आहेत, आणि त्यांच्या आड मेंढ्या चरत असतात. माल्हॅम येथे सुमारे ८० मीटर उंचीचा चुनखडीचा अर्धवर्तुळाकार कडा आहे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून आलेल्या पाण्याचा प्रपात त्यावरून कोसळत असे. पुढे टीज नदीचा हाय फोर्स हा २१ मीटरचा धबधबा लागतो, आणि त्याच्याही पुढे इसवी सन १२२ मध्ये रोमन सम्राट हेड्रियन याने बांधण्यास घेतलेल्या भिंतीच्या कडेकडेने वाट जाते.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. आपल्याकडील राष्ट्रीय उद्यान म्हणजे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली राखलेले अरण्य होय. तेथे परवान्याखेरीज प्रवेश नसतो. इंग्लंडमधील राष्ट्रीय उद्यानात मात्र गावे असतात, शेती चालते आणि बहुतेक जमीन खाजगी मालकीची असते. तेव्हा पेनाइन वे वरून चालणारा मनुष्य बहुतांश वेळ दुसऱ्याच्या शेतातून किंवा कुरणातूनच चालत असतो. तरीही त्याला कोणी हटकत नाही. हे सहजासहजी घडून आलेले नाही.

वाटेचा हक्क

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेनाइनच्या माथ्यावरील विस्तीर्ण माळराने जमीनदारांनी ग्राऊस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती. पायथ्याशी मँचेस्टर व शेफील्ड यांसारखी धुराने कोंडलेली औद्योगिक शहरे होती. तेथील कामगार सुटीच्या दिवशी मोकळ्या हवेसाठी डोंगराकडे धाव घेत आणि रखवालदार त्यांना परतवून लावीत. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शेकडा तरुणांनी बंदी झुगारून किंडर स्काऊट या पठारावर सामुदायिक प्रवेश केला. बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा युवक त्यांच्या अग्रभागी होता. रखवालदारांशी झटापट झाली. खटला होऊन पाच जणांना कारावास भोगावा लागला. या शिक्षांमुळे लोकमत उलट अधिकच जागृत झाले.

पुढे १९३५ मध्ये टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने पेनाइनच्या माथ्यावरून जाणाऱ्या एका सलग, हिरव्या पायवाटेची कल्पना वृत्तपत्रातून मांडली. युद्धोत्तर काळात, १९४९ साली, ब्रिटिश संसदेने राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा संमत केला. त्यानुसार १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. अनेक जमीनमालकांशी वाटाघाटी करीत तुकड्यातुकड्याने हक्क मिळवावे लागल्यामुळे पेनाइन वे चे उद्घाटन होण्यास मात्र २४ एप्रिल १९६५ हा दिवस उजाडला. किंडर स्काऊटच्या घटनेस त्या दिवशी बरोबर तेहतीस वर्षे झाली होती.

गावाने केलेली नोंद

१९४९ च्या कायद्याचा सर्वांत दूरगामी भाग राष्ट्रीय उद्यानांविषयीचा नसून साध्या पायवाटांच्या नोंदीविषयीचा आहे. आपल्या क्षेत्रातील प्रत्येक सार्वजनिक पायवाटेची पाहणी करून निर्णायक नकाशा सिद्ध करावा, असे कर्तव्य या कायद्याने परगणा मंडळांवर सोपविले. प्रत्यक्ष पाहणीचे काम बव्हंशी पॅरिश मंडळांकडे, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीशी तुलना करता येईल अशा संस्थांकडे आले. गावातील माणसांनी वाटा चालून पाहिल्या, कोठे फाटक आहे, कोठे कुंपण ओलांडण्याच्या पायऱ्या आहेत, कोठे अडथळा आहे, याची टिपणे केली आणि नकाशावर रेघा आखल्या.

या नकाशाचे कायदेशीर मोल असे की, त्यात दाखविलेली वाट सार्वजनिक आहे, याचा तो नकाशाच निर्णायक पुरावा ठरतो. जमीन मालकाची राहते, परंतु जाण्याचा हक्क सर्वांचा असतो. वापर कमी झाला म्हणून तो हक्क बुडत नाही. तसेच एखाद्या वाटेचा लोकांनी वीस वर्षे उघडपणे व विनाअडथळा वापर केला असेल, तर ती सार्वजनिक झाली असे सामान्यतः गृहीत धरले जाते. आज इंग्लंड व वेल्समध्ये अशा वाटांची एकंदर लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहे.

अर्थात सर्वच गावांनी हे काम सारख्या आस्थेने केले नाही. काहींनी बारीकसारीक वाटाही नोंदविल्या, तर काहींनी हयगय केली. ज्या वाटा नोंदीतून सुटल्या, त्यांच्याविषयीचे वाद कित्येक दशके चालू राहिले. एका पिढीने टाळलेली काही दिवसांची पायपीट पुढच्या पिढ्यांना महाग पडते, हा त्यातील बोध होय.

वाट राखण्याची व्यवस्था

नोंद झाली म्हणजे वाट टिकली असे नव्हे. ती राखण्याची जबाबदारीही वाटून दिलेली आहे. सार्वजनिक पायवाटेचा पृष्ठभाग हा सामान्यतः स्थानिक महामार्ग प्राधिकरणाचा विषय असतो. फाटके व पायऱ्या नीट ठेवणे हे जमीनमालकाचे काम असून त्या खर्चाचा निदान चौथा हिस्सा प्राधिकरणाने सोसावयाचा असतो. शेताच्या मधून जाणारी वाट नांगरटीत मोडली, तर १९९० च्या कायद्यान्वये शेतकऱ्याने ती चौदा दिवसांच्या आत किमान एक मीटर रुंदीची पुन्हा करून द्यावी लागते. पॅरिश मंडळालाही आपल्या हद्दीतील पायवाटा दुरुस्त करण्याचा अधिकार आहे.

पेनाइन वे वर मात्र निराळीच अडचण उद्भवली. माथ्यावर ‘पीट’ नावाची काळी, पाणथळ माती आहे. हजारो पावलांखाली ती उखडू लागली, चालणारे चिखल टाळून कडेने जाऊ लागले आणि वाट अनेक मीटर रुंद फाकली. यावर योजलेला उपाय उद्बोधक आहे. त्या भागातील बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतील जाड दगडी फरशा काढून, हेलिकॉप्टरने माथ्यावर नेऊन एकापुढे एक अंथरण्यात आल्या. लोक फरशीवरून चालू लागल्याने कडेची वनस्पती पुन्हा धरू लागली.

वाटसराची सिद्धता

अशा वाटेवर वाटाड्याचे काम तीन गोष्टी करतात. पहिली म्हणजे खूण. पायवाटेवर पिवळा बाण, घोडेवाटेवर निळा बाण आणि पेनाइन वे सारख्या राष्ट्रीय वाटांवर ओक वृक्षाच्या फळाचे चित्र असते. दुसरी गोष्ट नकाशा. ब्रिटनच्या सर्वेक्षण खात्याच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यात सार्वजनिक वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखविलेल्या असतात, आणि शेताची प्रत्येक भिंतही आढळते. तिसरी गोष्ट मुक्कामाची सोय. युवक वसतिगृहे, गावातील खाणावळी व शेतकऱ्यांच्या घरी मिळणारी खोली आणि न्याहारी यांमुळे तंबूचे ओझे वाहावे लागत नाही. मुक्काम आधी ठरवून देणाऱ्या आणि सामान मोटारीने पुढच्या गावी पोहोचविणाऱ्या व्यावसायिक संस्थाही आहेत.

तरीही विवेक ज्याचा त्यानेच बाळगावा लागतो. दिवसाची मजल ठरविण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला नियम आजही वापरात आहे. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरावा. म्हणजे वीस किलोमीटर अंतर व ६०० मीटर चढ असल्यास पाच तास होतात. विश्रांती, ओझे व खराब हवा यांसाठी वेगळी भर घालावी. होकायंत्र वापरता आले पाहिजे, कारण धुक्यात बाणाची खूण दिसत नाही. संकटसमयी मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवून एक मिनिट थांबावे व पुन्हा वाजवावी, असा संकेत आहे. फाटक जसे आढळले तसे ठेवावे, कुत्रा आवरावा, कचरा सोबत न्यावा, ही आचारसंहिता १९५१ पासून प्रसृत केली जात आहे. शेतकरी व वाटसरू यांचा सलोखा तिच्यावरच टिकून आहे.

खेड्यांचा लाभ

या वाटांचे आर्थिक मोल एका आपत्तीने स्पष्ट केले. २००१ साली ब्रिटनमध्ये गुरांना लाळ-खुरकूत रोगाची भीषण साथ आली. संसर्ग पसरू नये म्हणून ग्रामीण भागातील पायवाटा बंद करण्यात आल्या. त्याबरोबर ज्यांच्या दावणीला एकही जनावर नव्हते, अशा खाणावळवाल्यांचा, दुकानदारांचा व घरगुती निवासगृहांचा धंदाही बसला. पायी येणारा मनुष्य सावकाश जातो, दर मुक्कामाला खर्च करतो आणि तो पैसा लहान खेड्यांत राहतो, हे त्या वर्षी सर्वांच्या प्रत्ययास आले.

आपल्या संदर्भात

आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. हिंस्र श्वापदांचा वावर असलेल्या चांदोलीसारख्या राष्ट्रीय उद्यानात वाटाड्याविना फिरणे उचित नव्हे आणि नियमांत बसणारेही नव्हे. परंतु उद्यानांबाहेर, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर व खोऱ्यांत, गावे जोडणाऱ्या असंख्य जुन्या वाटा आहेत. पायी चालणाऱ्याला पाणी व ओसरी देण्याची रीत वारीने आपल्याला शतकानुशतके शिकविली आहे, आणि पन्हाळा ते विशाळगड या मार्गावर दरवर्षी पावसाळ्यात तरुण चालत जातात.

कायद्याचा आधारही अगदीच नाही असे नाही. भूमि अभिलेख खात्याच्या गावनकाशात गाडीवाटा व पायवाटा तुटक रेघांनी दर्शविलेल्या असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून शेतात जाण्याच्या वाटेचा निर्णय तहसीलदार देऊ शकतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा आदेश देता येतो. मात्र त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. ही तरतूद मुख्यतः शेतकऱ्याच्या वहिवाटीसाठी आहे, सहलीसाठी नाही. पण शेतकऱ्याची वाट जेथे मोकळी राहते, तेथेच पाहुण्याचीही वाट उघडते.

म्हणून आरंभ लहानच असावा. शाळेतील वरच्या वर्गांनी गावनकाशा हाती घेऊन शिवारातील वाटा एकदा चालून पाहाव्यात. कोणती वाट चालू आहे, कोणती बुजली, कोठे पाणी मिळते, कोठे उतार धोक्याचा आहे, हे लिहून काढावे. वृद्धांना विचारून वाटांची नावे टिपावीत. ग्रामपंचायतीने ती नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी, आणि वादग्रस्त वाटांचा प्रश्न वेळीच तहसीलदाराकडे न्यावा. यास मोठा निधी लागत नाही, पाय आणि वही मात्र लागते.

पेनाइनच्या माथ्यावर एकटा चालणारा वाटसरू खऱ्या अर्थाने एकटा नसतो. नकाशा काढणारा, फाटक दुरुस्त करणारा, बाण रंगविणारा आणि सत्तर वर्षांपूर्वी आपल्या शिवारातील वाट चालून तिची नोंद करणारा अनाम ग्रामस्थ, असे सारे त्याच्या सोबतीला असतात. आपल्या गावच्या वाटा पुढच्या पिढीला चालता येतील की नाही, हे आज त्यांची नोंद कोण करतो यावरच अवलंबून राहील.