कोचचा मंगळवार

अमेरिकन सामोआची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ४९,७१० भरली. दक्षिण पॅसिफिकमधल्या एवढ्याशा प्रदेशातून अमेरिकी कॉलेजांना फुटबॉलपटू मिळत आले आहेत. फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि लांबट चेंडू असलेला अमेरिकी खेळ. मुलांच्या शोधात कॉलेजांचे भरती-प्रशिक्षक होनोलुलूहून पाचेक तासांचा विमानप्रवास करून येतात. त्यांची नि मुलांची गाठ घालून देतो तो हायस्कूलचा कोच. सकाळी वर्गात शिकवायचं, दुपारी मैदान सांभाळायचं, रात्री लोकांच्या घरी जाऊन बसायचं, असं त्याचं काम. पुढे दिलेला दिवस कुणा एका कोचचा नाही. अमेरिकन सामोआच्या तुतुइला बेटावर हे काम जसं चालतं, त्यावरून तो रचला आहे. जानेवारीचा शेवटचा आठवडा, वार मंगळवार. होनोलुलूचं विमान काल रात्री येऊन गेलं.

पहाटे ५

बेटावर पाच वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात आठ आणि युटात नऊ वाजलेले असतात. कॉलेजांची ऑफिसं उघडतात, म्हणून कोच या वेळी फोनला बसतात. रात्री अपलोडला लावलेला व्हिडिओ चढला का, ते आधी बघायचं. एकेका मुलाच्या खेळातले निवडक तुकडे जोडून केलेली ही फिल्म हाच त्याचा पहिला अर्ज. मग ईमेल. आज तीन कॉलेजांची उत्तरं आहेत आणि तिन्हींचा सूर एकच: मुलगा आवडला, गुणपत्रक पाठवा.

डिसेंबरमधल्या प्रवेश-करारांच्या सह्यांमध्ये मोठ्या कॉलेजांच्या बहुतेक जागा भरून गेल्या आहेत. उरल्यासुरल्या जागांच्या सह्या फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी होतील. कोचच्या यादीतला सगळ्यात चांगला लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, अजून मोकळा आहे. उंची सहा फूट चार इंच, वजन १३६ किलो. काल रात्री उतरलेला पाहुणा, एका कॉलेजचा भरती-प्रशिक्षक, त्याच्याचसाठी आलाय.

सकाळी ६.३०

पिकअप ट्रकच्या सांगाड्यावर लाकडी टप बांधलेली रंगीत बस, आत कानठळ्या बसवणारं संगीत. बस पागो पागो बंदराला वळसा घालते तसा ट्यूना कॅनरीचा वास आत शिरतो. शिफ्ट बदलत असते. इथलं किमान वेतन अमेरिकेच्या ७.२५ डॉलरच्या संघीय दरापेक्षाही कमी आहे, आणि त्या लाइनमनचे वडील याच कॅनरीत उभं राहून काम करतात. खासगी नोकरी म्हणजे मुख्यतः ही कॅनरी. तिच्यापलीकडे सरकारी नोकरी, सैन्य, नाहीतर बेट सोडणं. बसमधल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी यांतल्या एका वाटेवर आहे.

सकाळी ८

पहिला तास इंग्रजीचा. मुलं घरी सामोअन बोलतात, निबंध इंग्रजीत लिहितात. तास संपल्यावर कोच लाइनमनला थांबवून घेतात आणि त्याचं गुणपत्रक टेबलावर पसरतात. पेन्सिलीच्या खुणांनी ते आधीच भरलंय.

कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएचा हिशेब असा: पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी सामने खेळायचे तर हायस्कूलमध्ये सोळा कोअर विषय हवेत, त्यांत सरासरी किमान २.३ हवी. शिवाय त्या सोळांतले दहा विषय बारावी सुरू होण्याआधी पुरे झालेले हवेत, आणि त्या दहांत सात इंग्रजी, गणित नि विज्ञानाचे. प्रवेशपरीक्षेच्या गुणांची अट २०२३ मध्ये गेली, तेव्हा बेटावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. या दहाच्या अटीकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

लाइनमनचे अकरावीअखेर नऊ विषय झाले होते. दहावीत बायॉलॉजी राहिलं. त्या सत्रात वडिलांची शिफ्ट बदलली आणि धाकटी भावंडं त्याच्या गळ्यात पडली. उरलेले सगळे विषय तो जूनपर्यंत पुरे करेल, पण हुकलेली मुदत आता भरून काढता येत नाही. फार तर एनसीएएच्या एका सवलतीत बसेल: पहिलं वर्ष स्कॉलरशिप मिळेल, सराव करता येईल, सामना मात्र खेळता येणार नाही.

"मग घेतील ना मला?" मुलगा विचारतो.

"पाहुण्याला विचारू. पण आधी हा निबंध पुन्हा लिहून आण."

सकाळी १०.३०

शाळेच्या आवारात आज दोन भरत्या आहेत. एका टेबलावर लष्कराचा सार्जंट माहितीपत्रकं मांडून बसलाय. सैनिकी प्रशिक्षणाचा विषय शाळेतच असल्यामुळे अर्धी मुलं त्याला नावानं ओळखतात. लोकसंख्येच्या मानानं सैन्यात जाणाऱ्यांचं प्रमाण इथे फार मोठं आहे. दुसरीकडे जिमच्या दाराशी कॉलेजचा पाहुणा उभा आहे. आईवडील सामोअन, पण स्वतः वाढला कॅलिफोर्नियात. भाषा कळते, बोलताना अडखळतो.

सार्जंटकडे सांगण्यासारखं बरंच आहे: पहिल्या महिन्यापासून पगार, पुढे शिक्षणाचा खर्च. पाहुण्याकडे सांगण्यासारखं म्हणजे पेनेई सूएल. इथल्या मलाएइमीत वाढलेला हा मुलगा २०१२ मध्ये कुटुंबाबरोबर युटात गेला, ऑरेगन विद्यापीठात खेळला, २०२१ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या डेट्रॉइट लायन्स संघानं त्याला खेळाडूंच्या निवडीत सातव्या क्रमांकावर उचललं आणि २०२४ मध्ये चार वर्षांचा ११२ दशलक्ष डॉलरचा करार झाला. सार्जंटच्या टेबलापाशी गर्दी जास्त असते, आणि कोचना त्यात वावगं वाटत नाही. तिथे उभ्या असलेल्यांतही त्यांचे खेळाडू आहेतच.

दुपारी १२.३०

तारो, उकडलेली हिरवी केळी आणि डब्यातला मासा. जेवताना पाहुणा ५६ चा आकडा काढतो. सामोअन मुलगा एनएफएलमध्ये पोहोचण्याची शक्यता इतर अमेरिकी मुलांच्या ५६ पट, असं सीबीएसच्या '६० मिनिट्स' या कार्यक्रमानं २०१० मध्ये सांगितलं होतं. "आपल्या रक्तातच आहे," पाहुणा म्हणतो.

कोचना हे वाक्य आवडत नाही. रक्ताचं एकदा म्हटलं की बाकीच्या गोष्टींचा हिशेबच लागत नाही. दुपारी चारनंतर गावात मुलांना दुसरं काय करायला आहे? बेटावर एकच कम्युनिटी कॉलेज आहे. इथे जन्मलेले लोक अमेरिकेचे 'नॅशनल' असतात, नागरिक नसतात, तरी मुख्य भूमीवर जाऊन राहायला त्यांना व्हिसा लागत नाही. त्यामुळे सत्तर-ऐंशी वर्षांत कार्सन, ओशनसाइड, सॉल्ट लेक, होनोलुलू इथे प्रत्येक घराची एकेक शाखा निघाली आहे. हे सगळं बाजूला ठेवून मुलाचं शरीर पाहायचं असेल, तर दवाखान्यात चला, असं कोच सुचवतात. ज्या वजनाचं मैदानावर कौतुक होतं, त्याच वजनाचे लोक तिथे चाळिशीत मधुमेहाच्या रांगेत बसलेले असतात.

दुपारी ३.३०

मैदानावर चिखल. सामन्यांचा मोसम कधीच संपला, आता व्यायाम आणि चपळाईचे सराव. हेल्मेटं मुख्य भूमीवरून देणगीत आलेली, तीन शाळांच्या रंगांची. पाऊस सुरू होतो नि कुणीही थांबत नाही.

पाहुण्याला स्वतः मुलाची चाचणी घेता येत नाही, तसा नियमच आहे. त्याला फक्त पाहता येतं. सराव संपल्यावर मुलं अनवाणी व्हॉलीबॉल खेळायला लागतात, तेव्हा तो खुर्ची पुढे ओढतो. १३६ किलोचा मुलगा जाळीपाशी उडी मारतो, दोन्ही पायांवर हलकेच उतरतो आणि तोल न जाता बाजूला सरकतो. पाहुण्याची नजर चेंडूवर नाही, मुलाच्या घोट्यांवर आहे. खाली वाकताना कंबर वाकते की गुडघे? समोरच्यानं हुलकावणी दिली तर कोणता पाय आधी हलतो? वजन वाढवता येतं, ताकद कमावता येते, पावलं मात्र सहसा शिकवून येत नाहीत. वहीत तो दोनच ओळी लिहितो.

कोच त्याच्या शेजारी गुणपत्रक ठेवतात. पाहुणा नऊचा आकडा पाहतो आणि वही मिटतो.

अडचण तो सरळ सांगतो. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजाला सगळे मिळून सुमारे साडेवीस दशलक्ष डॉलरपर्यंत. पण त्याच तडजोडीनुसार फुटबॉल संघात १०५ पेक्षा जास्त खेळाडू ठेवता येत नाहीत. बदल्यांचे नियम सैलावल्यामुळे दुसऱ्या कॉलेजातून तयार, एकवीस वर्षांचा लाइनमन आणता येतो. मग वर्षभर न खेळणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरासाठी जागा अडवायची कशी? "आधी ज्युनियर कॉलेजला जाऊ दे. मी लक्ष ठेवतो," पाहुणा म्हणतो.

संध्याकाळी ६

गावात घंटा होते. ही 'सा'ची, म्हणजे घरोघरच्या सायंप्रार्थनेची वेळ. लावालावा नेसलेले तरुण रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि वर्दळ थांबते. पाहुण्याची गाडी गावाबाहेर थांबून राहते. शेवटची घंटा झाल्यावरच पाहुणा नि कोच आत येतात.

संध्याकाळी ७

लाइनमनचं घर. चटईवर मांडी घालून बसायचं, पाय कुणाकडे पसरायचे नाहीत, कोच पाहुण्याला हळूच आठवण देतात. समोर आजी, आई, वडील आणि कुटुंबाचे मताई, म्हणजे कुलप्रमुख काका. मुलगा मागे बसून वाढायचं काम करतो. त्याच्याविषयी सगळं बोलणं होईल, त्याला मात्र शेवटी विचारलं जाईल.

पाहुणा कॉलेजचं नाव घेतो, स्टेडियमचं सांगतो. काका ऐकून घेतात आणि विचारतात, "रविवारी चर्चला कुठे जाईल? तिथे आपलं कोण आहे?"

मग पैशांचा विषय निघतो, पण कराराचा नाही. लग्न, मयत, मताईची नवी पदवी अशा प्रत्येक प्रसंगी कुटुंबातल्या सगळ्यांनी हातभार लावायचा असतो. याला फाआलावेलावे म्हणतात, आणि बेटाबाहेर गेलेल्याकडून तर जास्तच अपेक्षा असते. मुलगा काही वर्षं कमावणार नाही, हे काकांना त्यांच्या हिशेबात धरावं लागेल.

आई एकच प्रश्न विचारते: "डोक्याला मार लागतो त्याचं काय?" एनएफएलमध्ये खेळलेल्या ज्युनियर सेआऊचे आईवडील पलीकडच्याच आउनुऊ बेटावरचे. २०१२ मध्ये त्यानं आत्महत्या केली, आणि सततच्या आघातांमुळे होणारा मेंदूचा विकार त्याला जडला होता, हे नंतर तपासणीत निघालं. पाहुणा सरावातले बदल, डॉक्टर, नियम सांगतो. आई मान डोलावते. समाधान झालं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

आता ज्युनियर कॉलेजचं कोचना सांगावं लागतं. कॅलिफोर्नियातली ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत, आणि बहुतेकांना वसतिगृहही नसतं. गरजू विद्यार्थ्यांचं संघीय अनुदान मिळेल, पण राहायचं-खायचं आपलं आपण. ही कमी प्रतीची वाट आहे असं घरच्यांना वाटू नये, म्हणून ते नावं घेतात. इथला दोमाता पेको कॉलेज ऑफ द कॅनियन्समधून मिशिगन स्टेटला गेला आणि २००६ मध्ये एनएफएलच्या बेंगल्सनं त्याला निवडलं. शालोम लुआनीनं २०११ मध्ये टोंगाविरुद्ध गोल करून अमेरिकन सामोआला सॉकरमधला फिफाची मान्यता असलेला पहिला विजय मिळवून दिला. तोच पुढे शाबो कॉलेज, मग वॉशिंग्टन स्टेट आणि २०१७ मध्ये एनएफएलचा रेडर्स संघ.

आजी इतका वेळ गप्प होती. ती आईला विचारते, "कार्सनच्या लेकीकडे गॅरेज रिकामं आहे ना?"

त्या एका प्रश्नानं पुढची दोन वर्षं ठरतात. पाहुण्याच्या कॉलेजला मुलगा हवा तेव्हा मिळेल, कारण तोवर त्याला खाऊपिऊ घालणारी एक आत्या कॅलिफोर्नियात आहे. भरतीच्या कुठल्याही आकडेवारीत ते गॅरेज मोजलं जात नाही.

रात्री ९.३०

घरी आल्यावर कोच आत्याला फोन लावतात. तिथे साडेबारा वाजलेत, पण ती विमानतळावरच्या रात्रपाळीतच आहे. खर्च किती येईल, कॉलेजपर्यंत बस जाते का, अभ्यासाला कोण बसवेल, असा अर्धा तास जातो. मग ज्युनियर कॉलेजच्या कोचला फिल्म, गुणपत्रक आणि आत्याचा पत्ता.

झोपण्याआधी ते उद्याच्या कामांत एक भर टाकतात. बायॉलॉजी राहिलं तेव्हा कुणी लक्ष घातलं असतं, तर आज पाहुण्यानं वही मिटली नसती. म्हणून उद्या मुख्याध्यापकांना सांगायचं: नववीतल्या प्रत्येक खेळाडूचं गुणपत्रक दर सत्राला माझ्याकडे यायला हवं, मग तो लाइनमन असो की राखीव. फिल्म अकरावीतही तयार होते. दहा विषयांची मोजणी मात्र नववीच्या पहिल्या दिवसापासून चालू असते.